जुन्या चर्चच्या भिंतींना सिमेंट लावण्यापूर्वी : पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय पाळकसाहेब, पास्टोरेट कमिटीचे सभासद आणि विश्वस्त यांस,
सातारा.

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या फलकावर नूतनीकरणाच्या कामांची यादी लागली. बाहेरच्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून त्यावर टेक्श्चर रंग, आतून पीओपीचे सपाट छत, कौले उतरवून रंगीत पत्रा, शहाबादी फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल्स, लाकडी खिडक्यांच्या जागी सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्या, व्यासपीठ एका बाजूला हलवून मधोमध ग्रॅनाइटची वेदी आणि दाराच्या तीन पायऱ्या काढून तिथेही ग्रॅनाइट, असे त्या यादीचे स्वरूप आहे. काम नाताळपूर्वी संपवायचे आहे, असे खाली लाल शाईत लिहिले आहे. मी याबाबत कमिटीला दोन वेळा लेखी कळवले. दोन्ही वेळा मला दारात थांबवून आपुलकीने सांगण्यात आले, की बघू, आपणही काळाबरोबर चालले पाहिजे. त्या आपुलकीबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु निविदा मागवण्याची तारीख जवळ येत आहे, आणि एकदा दगडावर सिमेंट बसले की ते काढताना दगडही ठेचला जातो, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे. आपल्या चर्चचे नाव मी यात मुद्दाम घातलेले नाही. मंडळीतल्या लोकांना ते कळेलच, आणि बाहेरच्यांना चर्चेसाठी इमारतीचा प्रश्न पुरेसा आहे.

प्रथम माझी बाजू सांगतो, कारण मी या विषयात निष्पाप नाही. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी जुने दगडी विश्रामगृह माझ्या ताब्यात होते. दगडांमधल्या दरजांतला चुना भुसभुशीत झालेला पाहून मी तो पहारीने खरवडून काढायला लावला, एकास तीन सिमेंट-वाळूने दरजा भरून घेतल्या आणि वर छान उठावदार पट्टी ओढून घेतली. भिंत एखाद्या नकाशासारखी रेखीव दिसू लागली आणि साहेबांनी शाबासकी दिली. तिसरा पावसाळा संपला तेव्हा आतल्या बाजूने भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला होता, हात लावला की गिलाव्याचे पोपडे गळत होते. पुढे काही वर्षांनी छप्पर उघडले, तर भिंतीत रुतलेले तुळईचे टोक मला बोटांनी कुस्करता आले. ते सागवान होते. बाहेर हवेत असलेला त्याच तुळईचा भाग मात्र खणखणीत होता. त्या दिवशी मला जे समजले ते मी शिकलेल्या पुस्तकांत नव्हते, आणि आपल्या यादीतील पहिली ओळ वाचताच मला त्या कुजलेल्या टोकाचा वास आठवला.

आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाणी फारसे पीत नाही. भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे दोन दगडांमधली चुन्याची दरज. चुना सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल घेतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती सोडतो, वर्षानुवर्षे त्याचा हाच उद्योग चालू असतो. भिंतीची ओल सुकताना जे क्षार बाहेर येतात, ते चुन्यात साठतात आणि चुनाच झिजतो. तो झिजला की गवंडी तेवढीच दरज पुन्हा भरतो. ही झीज म्हणजे कामातला दोष नव्हे, जुन्या गवंड्याने ती गृहीत धरूनच भिंत रचलेली असते. त्या वाटेवर सिमेंटचे बूच बसवले, की ओल उलट दिशेने आत वळते आणि आतला गिलावा, लाकडी चौकटी आणि भिंतीत बसवलेली कैच्यांची (छप्पर तोलणाऱ्या लाकडी चौकटींची) टोके यांच्यावर जाऊन बसते. बाहेरून इमारत नवी दिसत असते आणि आतून ती नासत असते. सगळी भिंत सिमेंटच्या गिलाव्याखाली झाकणे हा याच चुकीचा मोठा अवतार आहे.

चुना म्हणजे मागासलेपणा, असे कमिटीतल्या काही तरुण सभासदांचे मत असल्याचे मी ऐकले. त्यांना मी एवढेच सांगेन, की चुना भट्टीत भाजला जातो, पाण्यात विरवला जातो, भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा हळूहळू चुनखडी होतो, आणि हे घट्ट होणे पुष्कळ वर्षे चालू राहते. आपल्या भागात तो बैलांच्या घाण्यावर मळत. वर्तुळाकार दगडी चरात मोठे दगडी चाक फिरे, आणि चुना, वाळू व विटांची सुरखी लोण्यासारखी होईपर्यंत बैल थांबवत नसत. त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालत. हिरडा तर आपल्याच जावळी-महाबळेश्वरच्या रानातला. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधवून घेतली. तिच्या कमानींखाली उभे राहून वर पाहावे. पाण्याच्या इतक्या निकट ते दगडकाम ३०० वर्षे उभे आहे आणि त्यात सिमेंटचा कण नव्हता, कारण आजच्या पोर्टलँड सिमेंटचा शोधच त्यानंतर १०० वर्षांनी, १८२४ साली इंग्लंडात नोंदला गेला.

लिंबच्या विहिरीची आठवण आणखी एका कारणासाठी काढली. आपल्या चर्चच्या खिडक्यांच्या टोकदार कमानी पाहून पाहुणे म्हणतात, की ही विलायती धाटणी आहे. ते अर्धेच खरे आहे. टोकदार कमान युरोपातल्या गॉथिक चर्चांत आहे तशी विजापूरच्या आदिलशाही इमारतींत आहे, आणि या मुलखातल्या गवंड्यांच्या हाताला ती मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. साहेबाने कागदावर कमानीचा आकार काढून दिला असेल, पण दगडाचे तिरके सांधे किती अंशांत टाकायचे हे त्याला सांगावे लागले नसणार. आपल्या उत्तरेकडच्या तिसऱ्या खिडकीच्या कमानीत टाकीचे घाव अजून स्पष्ट आहेत, एकसारखे तिरपे, बोटभर अंतरावर. सकाळी साडेआठच्या उन्हात ते उठून दिसतात. प्रस्तावित गिलावा होईल तेव्हा तो नेमका यांवर बसेल, आणि टेक्श्चर रंगाचा कंत्राटदार त्यावर खोट्या दगडाच्या रेघा काढून देईल. खरा दगड झाकून त्यावर खोट्या दगडाची नक्कल रंगवण्यासाठी मंडळीची वर्गणी खर्च व्हावी, हे मला पटत नाही.

आता वास्तूच्या मांडणीविषयी लिहितो, कारण वेदी आणि व्यासपीठ यांचा बदल हा केवळ सजावटीचा विषय नाही.

आपल्याकडे जुनी चर्चे दोन वेगळ्या वाटांनी आली. एक वाट लष्करी छावणीची आणि सरकारी अधिकाऱ्यांची. पुण्याच्या कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८२५ साली बिशप हेबर यांनी पवित्र केले. मुंबईच्या कुलाब्यातले अफगाण चर्च १८५८ साली उपासनेसाठी खुले झाले, त्याचा आराखडा हेन्री कॉनीबिअर यांचा, आतली रचना विल्यम बटरफिल्ड यांची, आणि मनोरा सुमारे १९८ फूट उंच. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांचे ते स्मारक आहे. या इंग्लिश परंपरेत वेदी पूर्वेला असते, तिच्यासाठी वेगळा कक्ष असतो, लोकांची जागा आणि पाळकाची जागा यांत पायऱ्यांचा आणि कठड्याचा भेद असतो, आणि रंगीत काचांतून येणाऱ्या प्रकाशाचाही उपासनेत वाटा असतो. ती परंपरा सुंदर आहे, तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

आपली वास्तू त्या वाटेने आलेली नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. १८३१ साली ते अहमदनगरला पोहोचले आणि १८४९ साली साताऱ्याला, म्हणजे डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले त्याच्या दुसऱ्याच वर्षी. हे लोक न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल, म्हणजे आपला कारभार आपणच पाहणाऱ्या, मंडळ्यांचे. त्यांच्या गावी चर्चला चर्चही म्हणत नसत, सभागृह म्हणत. मधोमध व्यासपीठ, त्यावर पवित्र शास्त्र, चारही बाजूंनी साधा पांढरा उजेड, चित्र नाही, मूर्ती नाही, वेदी नाही. प्रभुभोजनासाठी एक लाकडी मेज, तेही लोकांच्या पातळीवर. आपल्या चर्चमध्ये व्यासपीठ मध्यभागी आहे आणि मेज त्याच्या खाली आहे, ते जागा नव्हती म्हणून नव्हे. वचन सर्वांना ऐकू यावे आणि भाकर मोडणारा माणूस खाणाऱ्यांच्या बरोबरीने उभा राहावा, अशी ती मांडणी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि इंग्लिश परंपरेच्या व आपल्या परंपरेच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. या ऐक्याचा मला आनंद आहे. पण ऐक्याचा अर्थ सगळ्या जुन्या वास्तू एकसारख्या करणे असा आपल्यापैकी कोणी काढला असेल, तर ऐक्याच्या वेळी तसे कोणी ठरवले नव्हते.

याच मांडणीतली आणखी एक गोष्ट यादी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी. आपल्या खिडक्यांचा खालचा दगड जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर आहे. बाकावर बसलेल्या माणसाला ती खिडकी फार खाली वाटते, कमरेला वारा लागतो आणि डोक्याला उकडते, म्हणून दर उन्हाळ्यात पंखे वाढवण्याची मागणी होते. परंतु ही खिडकी बाकावर बसणाऱ्यासाठी केलेलीच नव्हती. माझ्या लहानपणीही पुढच्या चार ओळी सोडल्या तर मंडळी सतरंजीवर बसत असे, एका बाजूला स्त्रिया, एका बाजूला पुरुष, मध्ये पोरे. खाली मांडी घालून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर वारा यावा, या हिशेबाने ती उंची धरलेली आहे. गरम हवा वर चढून भिंतीच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यांतून बाहेर जावी, याचीही सोय आहे. सपाट पीओपी छत त्या झरोक्यांच्या खाली येईल, म्हणजे ते झरोके कायमचे बंद. सरकत्या खिडकीची एक काच नेहमी दुसरीमागे जाते, म्हणजे वारा येण्याची जागा निम्म्याने घटली. मग वातानुकूलन यंत्रे आणि मग विजेचे बिल. हा खर्च यादीत कुठेच नाही.

सतरंजीवरून आठवले. नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' या नावाने त्यांनी इथे आपले काम मांडले. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते मुंबईत वारले. अभंग आणि कीर्तन ही आपल्या मातीतली रूपे ख्रिस्ती उपासनेत आणण्यात त्यांचा हात मोठा होता, आणि आज आपण पेटी-तबल्यावर जी भजने म्हणतो त्यांत त्यांच्या रचना आहेत. टाळ धरून, जमिनीवर बसून गाणाऱ्या मंडळीला दोन फुटांवरची खिडकी अगदी सोयीची असते. अमेरिकेतल्या सभागृहाचा आराखडा साताऱ्यात येऊन असा खाली बसला, हे मला या इमारतीतले सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

छताविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. गेल्या वर्षी कबुतरांनी घरटी केली म्हणून मला माळ्यावर चढण्याची परवानगी मिळाली होती. तिथे मी बॅटरीच्या उजेडात सातही कैच्या पाहिल्या. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर पटाशीने कोरलेले आकडे आहेत. सुतार कैची जमिनीवर जुळवून पाहतो, मग सुटी करतो, आणि वर चढवताना कोणते लाकूड कोणत्या लाकडाला भिडणार हे चुकू नये म्हणून असे आकडे घालतो. जगभर ही रीत आहे. आपल्या कैच्यांवरचे आकडे मराठी आहेत. पाचव्या कैचीवरच्या पाचाचा फाटा सुताराने जरा जास्तच लांब ओढला आहे, आणि सहाव्यावर आधी काहीतरी वेगळे कोरून मग ते खोडून ६ घातला आहे. त्या माणसाचे नाव कुठल्याही नोंदवहीत नसेल. त्याचे अक्षर आपल्या डोक्यावर वीस फुटांवर आहे आणि दर रविवारी आपण त्याच्याखाली बसतो.

त्या सात कैच्यांपैकी पाच मला पूर्ण निरोगी वाटल्या. दक्षिणेकडच्या दोघींची भिंतीतली टोके ओली आहेत, आणि कारण सरळ आहे. तिथे पोर्चचे छप्पर मुख्य छपराला मिळते, त्या जागेची पन्हळ पानांनी आणि कबुतरांच्या घाणीने तुंबलेली आहे, त्यामुळे पाणी पन्हळीऐवजी भिंतीच्या पोटात उतरते. ती पन्हळ साफ करायला दोन माणसे आणि अर्धा दिवस लागेल. मृगाच्या आधी दरवर्षी हे काम होत असते, तर आजच्या यादीतल्या निम्म्या कामांची कोणाला आठवणही झाली नसती.

कौलांबद्दल कमिटीचा आक्षेप असा, की ती फुटतात आणि मिळत नाहीत. फुटतात हे खरे. मिळत नाहीत हे पूर्ण खरे नाही, जुन्या वाड्यांची आणि शाळांची उतरवलेली मंगलोरी कौले आपल्या जिल्ह्यात अजून विकत मिळतात. या कौलांचा इतिहासही आपल्याला परका नाही. १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला, धर्मांतरामुळे जातीचा धंदा आणि घर सुटलेल्या लोकांना काम मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता, आणि तिथून हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरले. आपल्या आवाराच्या मागच्या भिंतीशी जी फुटकी कौले रचून ठेवली आहेत, त्यांतल्या एकाच्या उलट बाजूला बासेल मिशनचा छाप मी पाहिला आहे. ते कौल भंगारात जाऊ नये एवढी तरी विनंती मान्य व्हावी.

शिवाय पत्र्याचा एक साधा तोटा आहे. साताऱ्याच्या पावसात पत्र्याखाली उपदेश ऐकू येत नाही.

भिंतीच्या सुरक्षिततेबाबत मात्र मी कमिटीशी सहमत आहे, आणि काळजी माझीही आहे. आग्नेय कोपऱ्याजवळ भिंतीला पोट सुटले आहे. आपल्या जुन्या भिंती म्हणजे दोन बाजूंना घडीव दगडांचे थर आणि मध्ये चुना-गोट्यांची भर असते. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड कमी पडले, किंवा पाण्याने आतली भर खचली, की बाहेरचा थर फुगतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. सुमारे ६.५ तीव्रतेच्या त्या धक्क्याने आम्हाला वडिलांनी अंथरुणासकट अंगणात आणले. उजाडल्यावर ते आधी चर्चकडे गेले, मी त्यांच्यामागे. खिडकीच्या कमानीवर केसाएवढा तडा होता. तो पुढे चुन्याने भरला आणि नंतर उघडला नाही. आजचे पोट त्याच भिंतीला आहे, पण ते वाढते आहे की तसेच आहे, हे नुसत्या नजरेने सांगता येणार नाही. त्यासाठी तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवतात. भिंत हलली तर काच तडकते. दोन पावसाळे ती काच शाबूत राहिली, तर तडा मेलेला आहे असे आम्ही म्हणतो. भिंतीवर गिलावा चढवला तर हे पाहण्याची सोयच जाते. झाकलेला तडा बरा झालेला नसतो, हे डॉक्टरांना सांगावे लागत नाही, पण कंत्राटदारांना सांगावे लागते.

फरशीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून जमिनीची वाफ थोडी थोडी निघून जाते. वर व्हिट्रिफाइड टाइल्स बसल्या की तीच वाफ भिंतीच्या कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. मंडळीतल्या वयस्कर स्त्रिया ओल्या चपलांनी त्या गुळगुळीत टाइल्सवर कशा चालतील, याचाही विचार करावा.

आता दाराच्या तीन पायऱ्या. यादीत त्यांचा उल्लेख 'झिजलेल्या व असमान' असा आहे आणि तो अचूक आहे. मधली पायरी मधोमध इतकी झिजली आहे, की पावसानंतर तिच्यात ओंजळभर पाणी साचते आणि चिमण्या ते पितात. मी ती खोली मोजली, पाऊण इंच भरली. काळा दगड पायांनी पाऊण इंच झिजायला किती माणसे लागतात याचे गणित माझ्याकडे नाही. मात्र ती माणसे कोण होती, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यांतली बहुतेक अशा घरांतली होती, ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. माझी आजी माण तालुक्यातून लग्न होऊन आली. पहिल्या रविवारी ती खालीच थांबली होती, कोणीतरी आत बोलावील म्हणून. तिच्या सासूने मागे वळून तिला विचारले, 'अगं, थांबलीस का? ही आपलीच पायरी आहे.' आजी हे सांगताना दर वेळी थोडी हसत असे. याच शहरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव राजवाड्याच्या सरकारी शाळेत घातले गेले, आणि वर्गात त्यांना कसे व कुठे बसावे लागले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या काळातल्या साताऱ्यात ज्या थोड्या दगडी पायऱ्या आपल्या माणसांना मोकळ्या होत्या, त्यांतल्या या तीन आहेत. घसरण्याची भीती असेल तर बाजूला कठडा लावावा, व्हीलचेअरसाठी उत्तरेच्या दाराला उतार करावा, त्यासाठी मी स्वतः वर्गणी देईन. पायरी मात्र काढू नये.

दारालगतच्या कोनशिलेबद्दलही एक शब्द. तिच्यावर ऑइलपेंटचे इतके थर आहेत, की दिवसा तिथे नुसता गुळगुळीत पिवळा चौकोन दिसतो. रात्री बॅटरी दगडाला टेकवून आडवी धरली, की सावल्यांतून अक्षरे उमटतात. यादीप्रमाणे त्या जागी ग्रॅनाइटची नवी पाटी येणार असून तिच्यावर सध्याच्या कमिटीची नावे येणार आहेत. नावे लावायला माझी हरकत नाही, जागा आवारात पुष्कळ आहे. जुन्या शिलेवरचा रंग रसायनाने, तारेचा ब्रश न लावता, काळजीपूर्वक उतरवून घ्यावा.

मी काम करूच नका असे म्हणत नाही. माझी मागणी अशी, की सध्याची निविदा थांबवावी आणि या पावसाळ्यापूर्वी फक्त पाण्याचा बंदोबस्त करावा, म्हणजे पन्हळी, फुटकी कौले, भिंतीत उगवलेला पिंपळ आणि जोत्याभोवतीचा पाण्याचा निचरा. पिंपळ उपटू नये, तो उपटताना दगड घेऊन येतो, बुंध्याशी कापून मूळ औषधाने मारावे लागते. पाऊस उलटल्यावर जुन्या वास्तूंचे काम केलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी आणि इमारतीची मोजमापे घेऊन नकाशे काढावेत, कारण आपल्याकडे या वास्तूचा एकही नकाशा नाही. आपल्या महाविद्यालयीन मुलांना हे मोजमापाचे काम मी शिकवीन. त्यानंतर दक्षिणेच्या दोन कैच्यांची कुजलेली टोके तेवढी कापून नवे सागवान जोडावे, फुगलेला कोपरा उतरवून त्याच दगडांनी आरपार दगड घालून पुन्हा रचावा आणि दरजा चुन्याने भराव्यात. चुन्यात काम करणारे गवंडी मिळत नाहीत असे सांगण्यात येते. मेणवली आणि वाईकडच्या घाटांची, वाड्यांची कामे पाहिलेले दोन वयस्कर कारागीर मला माहीत आहेत, ते अजून हात चालवतात आणि शिकवायलाही तयार आहेत.

नाताळपूर्वी काम संपले पाहिजे या घाईविषयी मुंबईचे उदाहरण देतो. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलचा पाया गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांच्या काळात, १६७६ च्या सुमारास घातला गेला. भिंती काही फूट वर आल्या आणि काम थांबले, ते रिचर्ड कॉब या पाद्रीने पुन्हा उभे करून १७१८ च्या नाताळात उपासना सुरू होईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे तसेच होते. त्या चर्चच्या नावाने किल्ल्याच्या दरवाजाला चर्चगेट म्हणू लागले आणि आज ते नाव रेल्वे स्थानकाला आहे. अलीकडे त्याच इमारतीचे जे जतन झाले, त्याला २००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. चाळीस वर्षे अपुऱ्या भिंतींकडे पाहणारे लोक तिथे होते. आपल्याला दोन-तीन नाताळ बांबूच्या परांचीखाली साजरे करावे लागले, तरी फारसे बिघडणार नाही.

कमिटीने पुढच्या बैठकीपूर्वी एकदा माझ्याबरोबर माळ्यावर यावे. दक्षिणेच्या दोन कैच्यांची ओली टोके आणि सुताराचे आकडे दोन्ही मी दाखवीन. येत्या रविवारी दुसऱ्या उपासनेनंतर मी शिडी आणि दोन बॅटऱ्या घेऊन पोर्चमध्ये थांबतो. माळ्याच्या दाराची किल्ली कार्यालयात आहे, ती कोणीतरी घेऊन यावी. कबुतरांमुळे तोंडाला बांधायला रुमाल आणावा.

आपला नम्र,
मंडळीचा एक जुना सभासद
मंगळवार पेठ, सातारा